मागच्या बाकापर्यंत

“काकाला वीसपैकी अठरा. तुला शून्य.”

असं म्हणून बाईंनी तो थर्माकोलचा ज्वालामुखी टेबलावरून उचलला आणि त्या मुलाच्या हातात परत दिला. वर, “काकाला सांग, बाईंना फार आवडला,” असंही म्हणाल्या. पोरगं रडकुंडीला आलं. मला त्या शाळेत लागून आठवडाही झाला नव्हता. शिक्षण सेवक होते मी, म्हणजे पगार थोडा आणि मान त्याहून थोडा, आणि प्रकल्प प्रदर्शनात खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या बाईंचा मला असा राग आला म्हणून सांगू! एवढंसं लेकरू जिवापाड सांभाळून ज्वालामुखी घेऊन आलंय, त्याच्या तोंडातून लाल फेस काढून दाखवतंय, आणि ही बया त्याला शून्य देते!

दुसऱ्या दिवशी काका आलाच. तावातावाने आला. बाईंनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, “तो फेस कसा काढलात हो?” झालं. काकाचा राग कुठल्या कुठे गेला. सोडा किती, व्हिनेगर किती, ब्लेड तापवून घेतलं की थर्माकोलची कडा कशी गुळगुळीत कापली जाते, सगळं हातवारे करून सांगायला लागला. पहिल्या खेपेला सगळा फेस त्याच्या शर्टावर आला होता म्हणे. बाई तल्लीन होऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “बघा, तुम्ही किती शिकलात! आता पुढच्या वेळी त्याला शिकू द्या.” काका उरलेला चहा पिऊन गेला.

ती वर्षं प्रकल्पांची होती. वरून आदेश आला होता की प्रत्येक विषयात प्रकल्प हवा. भिवंडीच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानांनी लगेच धंदा ओळखला. वाघांच्या चित्रांचा तक्ता, हिमालयाचा तक्ता, थोर पुरुषांचा तक्ता. कापा, चिकटवा, स्केचपेननं महिरप काढा, बाईंची सही घ्या, संपला प्रकल्प. मुलांच्या वह्यांत वाघ डरकाळ्या फोडत होते आणि शाळेच्या मागे नाला तुंबलेला होता. बाई वही उघडून विचारायच्या, “वाघ कुणी बघितलाय?” कुणाचाच हात वर यायचा नाही. “नाला कुणी बघितलाय?” सगळे हात वर. “मग वाघावर कशाला लिहिलंस रे बाबा?”

बाई काल्हेरच्या, आगरी घरातल्या. सासरची भाताची जमीन होती, तिच्यावर गोडाऊनं उभी राहिली आणि घर बघता बघता दोन माडीचं झालं. त्यामुळे स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त सोनं बाईंच्या हातात, आणि सगळ्यात जुनी पिशवीही त्यांचीच. त्या पिशवीत मोजायची टेप, सुतळी, ओळंबा, खडूचे तुकडे आणि डब्यात जवळा. डबा उघडला की आमच्यातली शाकाहारी मंडळी खिडकीशी सरकायची. बाई शाळेत यायच्या त्या पुतण्याच्या माल भरलेल्या टेम्पोत पुढे बसून. मागे खोके, पुढे बाई. घरात जावा म्हणायच्या, “गोडाऊनच्या गाल्यांचं भारं येतंय घरबसल्या, कशाला जातेस परक्या पोरांवर वरडाया?” बाई म्हणायच्या, “गोडाऊनमंदी माल असतो, पोरं नसतात.”

वर्गात त्या शहरी मराठी बोलायच्या. राग आला किंवा माया आली की भाषा बदलायची. मग आम्ही एकमेकांकडे बघून हळूच म्हणायचो, बाईंची गाडी काल्हेरला पोचली. शिक्षकांना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी कल्याणहून शेअर रिक्षानं कोन गावावरून यायचे, म्हणून मी ‘कल्याण’. “ए कल्याण, चा पितीस का गो?” पहिला महिनाभर मला हे अपमानास्पद वाटलं. नंतर एकदा आजारी पडून चार दिवस घरी राहिले तर त्या हाकेची चक्क आठवण यायला लागली. माणसाच्या मनाचं काही सांगता येत नाही.

आणि एक वाक्य. मुलांनी काहीही विचारलं की बाई म्हणायच्या, “मला काय माहीत? जा, बघून ये.” विज्ञानाच्या बाई, वीस वर्षं शिकवतायत, आणि म्हणे मला काय माहीत! पालक तक्रार करायचे की या बाईंना काही येतच नाही. बाईंना त्याचं काडीचं सुखदुःख नव्हतं.

एकदा शाळेच्या नळाला पाणी येईना. मुलांनी विचारलं, “बाई, पाणी का येत नाही?” झालं, निघाली वरात. पाइप जिथून जातो तिथून मुलं चालली. कुंपणाच्या कडेनं, गटारावरून, एका घराच्या मोरीतून. मोरीत एक आजीबाई अंघोळ करत होत्या. त्यांनी जो आरडाओरडा केला तो अजून माझ्या कानात आहे. शेवटी पाण्याचा पत्ता लागला तो आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीच्या वर. त्यांच्या बाथरूमच्या टाकीचा फ्लोट तुटला होता आणि सगळं पाणी पागोळीतून मागच्या नाल्यात चाललं होतं. सगळा वर्ग सरांच्या दारात उभा राहिला आणि एका मुलीनं अत्यंत आदरानं सांगितलं, “सर, पाणी तुमच्याकडे आहे.” सर पुढे आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत.

सर तसे वाईट नव्हते. पण त्यांचा जीव निकालात अडकलेला. दहावीचा निकाल चांगला लागला की शाळेत प्रवेश वाढतात, नाही लागला की शेजारची इंग्रजी शाळा मुलं पळवते. म्हणून त्यांनी, आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या बऱ्याच शाळांनी, एक सोपी युक्ती काढली होती. नववीत जी मुलं कच्ची, त्यांच्या पालकांना बोलवून सांगायचं, हिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा. म्हणजे मूल शाळेतून बाहेर, दहावीला खाजगी बसणार, नापास झालं तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. बहुतेक मुलं तो फॉर्म भरायची नाहीतच. मुलं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागायची आणि मुली सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर. आमची नववी ब म्हणजे अशा मुलांचीच तुकडी. तिच्या बाई वर्गशिक्षिका.

त्या वर्गात रेणुका होती. शेवटच्या बाकावर, भिंतीशी. अक्षर मोत्यासारखं, चित्रं झकास, बाईंच्या पाइपच्या वरातीत नकाशा तिनंच काढला होता. पण बाकी प्रत्येक विषयात भोपळा. प्रश्न विचारला की नुसती बघत राहायची. चाचणीचे प्रश्न आम्ही तोंडी सांगायचो, छपाईला कुठे पैसे होते? तर हिच्या कागदावर दोन ओळी, त्याही भलत्याच. स्टाफरूममध्ये तिचं नाव निघालं की सगळे एकच शब्द म्हणायचे, ढ. तिचे वडील शाळेच्या भिंतीपलीकडच्या कारखान्यात लूम चालवायचे. सोलापूरकडून आलेलं कुटुंब, आजोबांपासून मागावरच. त्यांनीही सांगून टाकलं होतं, “नववी होऊ द्या, मग कांडीवर बसवतो.” सरांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरात आमच्या शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. पुण्याहून एक साहेब आले होते. पारदर्शिका लावून सांगत होते की शिक्षण प्रश्नातून सुरू व्हावं, मुलांच्या परिसरातला खरा प्रश्न घ्यावा. बोलणं चांगलं होतं, नाही असं नाही. बाई मागे बसून पेंगत होत्या. साहेबांनी नेमकं त्यांनाच उठवलं. “बाई, तुमच्या शाळेतला एखादा खरा प्रश्न सांगा.” बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही तासभर जे बोलताय ते मागं काहीच ऐकू येत नाहीये.” सगळे हसले. साहेबही हसले. बाई मात्र हसल्या नाहीत. स्वतःच्याच वाक्यानं त्यांना कसलीतरी ठेच लागल्यासारखी दिसली.

कारण खरंच ऐकू येत नव्हतं. भिवंडीच्या नारपोली भागात शाळा, भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना. खटाखट खटाखट दिवसभर. आम्ही शिक्षक तिसऱ्या बाकापर्यंत ओरडायचो, त्यापुढचं देवावर सोडायचो. इतकी वर्षं आम्हाला त्याचं काही वाटलंच नव्हतं. भिवंडीत लूमचा आवाज म्हणजे हवाच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नववी ब ला प्रश्न घातला. मागच्या बाकावर ऐकू यावं म्हणून काय करता येईल? एका मुलानं झटकन उत्तर दिलं, “कारखाना बंद करायचा.” त्याच्या शेजारचा ताडकन उठला, “माझा बाप काय तुझ्या घरी जेवायला येणार?” वर्गात जुंपली. बाई शांतपणे सुतळी गुंडाळत बसल्या होत्या. भांडण दमल्यावर म्हणाल्या, “आधी ठरवा तरी, किती ऐकू येत नाही ते.”

आवाज मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला? मुलांनीच रीत काढली. साधे शब्द निवडायचे, पाट, काठ, वाट, घाट असे एकमेकांच्या जवळचे. एकानं पुढून वाचायचे, बाकीच्यांनी आपापल्या बाकावर बसून लिहायचे. कुठल्या बाकावर किती बरोबर येतात ते फळ्यावर मांडायचं. वाचायला मला बोलावलं. “कल्याणची शुद्ध वाणी हाय,” बाई म्हणाल्या. मी खूश झाले. मग म्हणाल्या, “नायतरी मराठीच्या तासाला तुला काय काम असतं?”

पहिल्या दिवशी निकाल बघून सगळे चक्रावले. मागच्या बाकांवर बऱ्यापैकी शब्द बरोबर! आणि सगळ्यात मागे, भिंतीशी बसलेल्या रेणुकाचे जवळजवळ सगळे. “कॉपी केली,” एक मुलगी म्हणाली. “कुणाची करेल? तिच्याएवढे कुणाचेच आले नाहीत,” दुसरी म्हणाली. बराच वेळ डोकेफोड झाली आणि मग एक मुलगा म्हणाला, “बाई, तोंड दिसतंय ना!”

लूमवर काम करणारी माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते तुम्ही बघितलं नसेल. आवाज चढवून उपयोगच नसतो. तोंड मोठं उघडून, ओठ नीट हलवून, हात उडवून बोलतात. दोन ओळी सोडून पलीकडचा माणूस ओठ बघून समजतो. त्यांच्या घरातली पोरंही तशीच वाढलेली. बाईंनी कपाळाला हात लावला. “आमचंच चुकलं. कान तपासायचे तर डोळे तपासले.” दुसऱ्या दिवशी मी हजेरीचा पुठ्ठा तोंडासमोर धरून वाचलं. मागच्या बाकांची दाणादाण उडाली. रेणुकाचा एकही शब्द बरोबर नव्हता.

तरी कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मग शुक्रवार आला. भिवंडीत लूमना शुक्रवारी सुट्टी. कारखाना बंद. अशी शांतता की रस्त्यावरच्या भेळवाल्याची घंटी वर्गात ऐकू येते. तुलना करायची म्हणून तोच प्रयोग शांततेत करायचा ठरला. मी पुठ्ठा धरून वाचायला लागले. मुलं हसत होती, एवढं सोपं! सगळ्यांची पेनं भराभर चालली होती. बाई वर्गाच्या कडेनं फिरत फिरत शेवटच्या बाकाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. रेणुका लिहीत नव्हती. ती एकदा माझ्या पुठ्ठ्याकडे, एकदा शेजारणीच्या वहीकडे, एकदा सगळ्यांच्या हलणाऱ्या हातांकडे बघत होती. मी वाचायला सुरुवात केली आहे हे तिला त्या हातांवरून कळत होतं.

बाईंनी तास नेहमीसारखा पुरा केला. स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. चहा गार झाला. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, “ढ म्हनलं आपन तिला. सगल्यांनी. कल्याण, पोरीला ऐकाया येत न्हाय गो.” आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मलाही रडू कोसळलं.

हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं तर घरच्यांना केव्हाच कळलं असतं. भिवंडीत नाही कळलं. रेणुकाच्या घरी आम्ही दोघी गेलो तेव्हा ते मला डोळ्यांनी दिसलं. वडील, आई, आजी, सगळे मोठ्यानं, एकमेकांच्या तोंडासमोर येऊन, हात हलवून बोलत होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सवयच तशी. त्या घरात ऐकू न येणारं मूल अगदी मजेत वाढू शकत होतं. आई म्हणाली, “ही बघा ना, किती शहाणी. एका इशाऱ्यात काम करते.”

बाईंनी वडिलांना बाहेर ओट्यावर नेऊन सगळं सांगितलं. त्यांचा आधी विश्वास बसेना. मग बसला तसा चेहरा उतरला. मला वाटलं, बिचाऱ्याला हायसं वाटेल, मुलगी ढ नाही म्हणून. कसलं काय! त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, आवाज खाली घेऊन म्हणाले, “बाई, पाया पडतो. ढ म्हना. ढ चालतंय. बहिरी म्हनू नका. ढ पोरींची लग्नं होतात. ही बात एकदा गल्लीत गेली की खलास.”

“ठाण्याला सरकारी दवाखान्यात कान तपासतात,” मी घाईनं म्हणाले. “मशीन मिळतं.”

“मशीन कानाला लावून फिरंल, मंग तर सारी भिवंडी बघंल,” ते म्हणाले. “नको. नववी झाली की बास.”

मी बाईंकडे बघितलं. आता काल्हेरची गाडी सुटणार आणि या माणसाची खैर नाही, असं मला वाटलं. पण बाई एवढंच म्हणाल्या, “दादा, मी म्हणते म्हणून मानू नका. शुक्रवारी लूम बंद असतात ना? ती पाठमोरी असेल तेव्हा एकदा हाक मारून बघा. मला येऊन सांगायची गरज नाही.”

परत येताना मी रस्त्यातच भांडले. “तुम्ही समजावून का नाही सांगितलंत? एवढ्या लांब आलो कशाला मग?”

“सांगून समजलं असतं,” बाई म्हणाल्या, “तर आपल्या शालंत सगलीच पोरं पयली आली असती.”

शाळेत सरांशी मात्र त्या कडाडून भांडल्या. सर म्हणाले, “बाई, मी शाळा चालवतो, दवाखाना नाही. यादी झालेली आहे.” बाईंनी त्यांना एकच विनंती केली, बुधवारी नववी ब च्या शेवटच्या बाकावर येऊन बसा. सर आले. इतकी वर्षं मुख्याध्यापक, पण त्या बाकावर कधी बसले नव्हते. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत होते, रोजच्यासारखंच. पंधराएक मिनिटांत सर उठले, बाहेर आले, चष्मा पुसत उभे राहिले. “हे रोज असंच असतं?” त्यांनी विचारलं. मग यादीतलं पहिलं नाव त्यांनी खोडलं नाही, पण त्याच्यावर अट घातली. वार्षिक परीक्षेत रेणुका सगळ्या विषयांत पास झाली तर शाळेतून दहावीला बसेल. एक गुण कमी पडला तरी सतरा नंबर. एकही गुण वाढवून मिळणार नाही.

मग बाईंनी आम्हा शिक्षकांनाच प्रकल्प दिला. “एका पोरीला ऐकू येत नाही. आपण सहा जण आहोत. काय करायचं?” आम्ही म्हणालो, तुम्हीच सांगा. उत्तर ठरलेलं होतं. “मला काय माहीत?”

काय करायचं ते शेवटी नववी ब नं ठरवलं. बाकं गोल मांडायची, म्हणजे कुणीही बोललं तरी त्याचं तोंड दिसेल. शिक्षकानं फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. बोललाच तर वर्गानं बाक वाजवायचं. माझ्या तासाला इतकं बाक वाजलं की शेजारच्या वर्गाला वाटलं आमच्याकडे भजन चाललंय. इतिहासाचे सर तर चिडून आठ दिवस बोललेच नाहीत, नुसतं फळ्यावर लिहायचे. रेणुकाला तेच सगळ्यात सोयीचं पडलं. रोज एकजण तिच्यासाठी टिपणं काढायचा. आणि वर्गाबाहेर या गोष्टीचा शब्द काढायचा नाही, तिच्या वडिलांनी नको म्हटलंय, असं मुलांनी आपसांत ठरवलं. चाळीस पोरांची तुकडी, गाळ म्हणून हिणवलेली, पण एकानंही बाहेर तोंड उघडलं नाही.

मूळ प्रश्नही चालूच होता. आवाज भिंतीतून कमी आणि भिंतीच्या वर, पत्र्याखालच्या फटीतून जास्त येतो, हे मुलांनी बाकांवर चढून, फटीशी कान लावून शोधून काढलं. कारखान्यांतून टाकाऊ चिंध्या आणल्या, पोत्यांत ठासून भरल्या, पोती शिवली आणि त्या फटीत कोंबली. सर म्हणाले, “उंदीर होतील.” झाले. मग उंदरांचा प्रकल्प झाला. आवाज बंद झाला नाही, पण पाचव्या बाकापर्यंत शब्द पोचायला लागले. मुलांनी पुन्हा वाचन घेऊन ते सिद्ध केलं आणि इतकी नाचली की पोती खाली पडली.

एप्रिलमध्ये रेणुका पास झाली. गणितात अगदी काठावर, पण पास. सरांनी उत्तरपत्रिका स्वतः पुन्हा तपासली, गुण कमी होतायत का ते बघायला. झाले नाहीत. त्यांनी यादी काढून पहिलं नाव खोडलं, आणि मग खिन्नपणे म्हणाले, “पण बाई, दहावीला तोंडी परीक्षा असते, परीक्षक बाहेरचे. त्यांना सांगायला डॉक्टरचा कागद लागेल. तो बाप आणू देईल का?” नव्हताच देणार. त्यांनी निकाल घेताना आम्हाला हात जोडले, “उपकार झाले, आता बास,” म्हणाले आणि मुलीला घेऊन गेले. जाताना रेणुका सारखी मागे वळून बाईंकडे बघत होती. मी म्हटलं, गेली हातातून. इतकं करून गेली. त्या उन्हाळ्यात मला कशात गोडी वाटेना.

मे महिन्यात एका शुक्रवारी ते काल्हेरला बाईंच्या घरी आले, हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मग बोलले. जानेवारीपासून ते दर शुक्रवारी हाक मारून बघत होते. ती पाठमोरी भाकरी थापत असायची, केर काढत असायची. पहिल्यांदा हळू मारली. वाटलं, हळू मारली म्हणून. मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. एकदा तर इतक्या जोरात की शेजारणीनं दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि रेणुका आपली भाकरी थापतेच आहे. “ती नुसती ‘बा’ म्हनून रडली तरी मी धावलो असतो,” ते म्हणाले, “आनि मी चौदा वर्सं तिला हाका मारतोय, बाई, पन तिच्यापत्तुर एक बी पोचली न्हाई.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी बाईंना विचारलं.

“काय म्हननार? चा दिला.”

“आणि ते? येणार का ती शाळेत?”

“मना काय म्हायती?” बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मला जाणवलं की हे त्यांना खरोखरच माहीत नाही, आणि त्या धास्तावल्या आहेत.

जूनमध्ये शाळा उघडली. मी फाटकात उभी राहून मुलांना रांगेत लावत होते. बाई टेम्पोतून उतरून तिथेच थांबल्या होत्या, वर जायचं नाव घेत नव्हत्या. दहावीची मुलं येत होती. घंटा व्हायला आली तरी रेणुका दिसेना. कारखान्याची पाळी सुटली होती, गल्ली माणसांनी भरलेली, सायकली, चहाची टपरी, ओट्यावर बसलेल्या बायका. आणि त्या गर्दीतून रेणुकाचे वडील येताना दिसले. हात धरून रेणुका. केस दोन्ही बाजूंनी चापूनचोपून वर बांधलेले, आणि कानामागे ते मशीन, उघडंबोडकं, सगळ्या जगाला दिसेल असं. पोरीची मान खाली. टपरीवरची माणसं बघायला लागली.

फाटकाशी आल्यावर वडील थांबले. घसा खाकरला. मला वाटलं, जवळ येऊन हळूच काही सांगतील. पण ते होते तिथूनच, लूमवर बोलतात तशा खणखणीत आवाजात बोलले, “बाई! माझ्या पोरीला कमी ऐकू येतं! कागद आनलाय दवाखान्याचा. हिला फुडं बसवा!”

रेणुकानं दचकून बापाकडे बघितलं, दोन्ही हात कानांवर नेले आणि मग हसायला लागली.

बाई पदरानं डोळे पुसत होत्या, हसतही होत्या. “ऐकलं, दादा, ऐकलं,” त्या म्हणाल्या. “साऱ्या नारपोलीनं ऐकलं.”